रायटरची स्वप्नं आणि आम्ही दोन पंच

खोली दाखवताना घरमालकांनी मला तीन अटी सांगितल्या. पाणी सकाळी सहा ते सातच्या आत भरून घ्यायचं, रस्त्याकडच्या खिडकीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, आणि रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी पंच म्हणून सही करायची. पहिल्या दोन अटी मला समजल्या. तिसरीला मी न समजताच मान हलवली, कारण अलिबागहून काशीदकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर खोली मिळणं किती कठीण आहे ते मला आठ दिवसांत कळून चुकलं होतं. शनिवार-रविवारी मुंबईकरांना खोल्या देऊन गावं सोकावली होती. बारा महिने राहणारी आणि चहासुद्धा स्वतः करून पिणारी मराठीची मास्तरीण तिथे कोणालाच नको होती.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला खालून हाक आली, "मॅडम, पंच म्हणून हजर व्हा."

खाली पडवीत मालक इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसले होते. समोर लांबलचक रजिस्टर. दाराशी पाववाला सायकलला टेकून उभा होता. मालकांनी घसा खाकरून वाचायला सुरुवात केली : "आम्ही खाली सह्या करणारे पंच, आज रोजी रायटर यांनी बोलाविल्यावरून त्यांचे राहते घरी हजर असता, त्यांनी आम्हांस कळविले की, पहाटेचे सुमारास त्यांस एक स्वप्न पडले असून सदर स्वप्नाचा पंचनामा करणे आहे. स्वप्नाची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस शाळेची घंटा. पश्चिमेस समुद्र. दक्षिणेस परीक्षेचा हॉल, त्यास दार नाही. उत्तर दिशा आढळून आली नाही."

"पण हे स्वप्न मी पाहिलेलं नाही," मी म्हटलं.

पाववाल्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, पंचानं बघायचा नसतो. बघितला की कोर्टात गोंधल व्हतो." एवढं बोलून त्याने सायकलच्या सीटवर रजिस्टर ठेवून सही ठोकली आणि घंटी वाजवत निघून गेला.

या पाववाल्याच्या शब्दाला त्या बाबतीत वजन होतं. त्याने आयुष्यात कितीतरी खऱ्या पंचनाम्यांवर सह्या केलेल्या होत्या. गावठी दारू पकडली, बैल चोरीला गेला, होडी जळाली, प्रत्येक ठिकाणी तो कागदोपत्री हजर होता आणि प्रत्यक्षात कुठेतरी पाव टाकत होता. त्याला तो समाजसेवा म्हणायचा.

मालक पोलीस ठाण्यात रायटर होते. ठाण्यात येणाऱ्या माणसांच्या फिर्यादी, जबाब आणि जागेवरचे पंचनामे लिहिणारा हवालदार तो रायटर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळा गाव त्यांना रायटरच म्हणायचा, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकूसुद्धा आतून "रायटर, जेवायला या" अशीच हाक मारायच्या. आपल्या कागदात उभ्या नोकरीत एक खाडाखोड सापडली नाही, हा त्यांचा अभिमान होता. अक्षर छापल्यासारखं. वाक्यं तर छापलेलीच.

जन्म याच पट्ट्यातला, आईवडील भातशेतीवाले. लहानपणी तेही हाय-न्हायच बोलत असणार. पण भरतीनंतर ट्रेनिंगमध्ये त्यांच्या बोलण्याला सगळी बराक हसली, आणि ते हसू त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं की पुढे सरकारी मराठीशिवाय दुसरं काही तोंडातून काढलं नाही. घरातसुद्धा. "सदर आमटीत मीठ कमी असल्याचे दिसून येते," ते जेवताना म्हणायचे. काकू मिठाची वाटी सरकवून म्हणायच्या, "मंग टाका सदर आमटीत." मासेवाली दारात आली की "सदर बांगडा ताजा असल्याबाबत तुझे म्हणणे काय?" असा प्रश्न व्हायचा. ती म्हणायची, "माजा म्हनना, घ्यायचा तर घ्या." आणि टोपली उचलून चालू लागायची.

निवृत्तीनंतर त्यांना स्वप्नं पडू लागली. तीही एकाच विषयाची, भाषेची आणि अभ्यासाची. डॉक्टरांनी गॅस असल्याचं सांगितलं. काकूंच्या मते रात्रीच्या जेवणात वालाचं बिरडं दोनदा घेतल्याचा तो परिणाम होता. रायटरांनी दोन्ही कारणं तपासून संशयास्पद ठरवली आणि रजिस्टर उघडलं.

पहिल्यांदा मी सही केली ते स्वप्न असं होतं. रायटर अर्धी चड्डी घालून पहिलीच्या वर्गात बसले आहेत. शिक्षिका म्हणून एक मासेवाली आली आहे, जिची जाळी चोरीला गेल्याची फिर्याद त्यांनी पूर्वी कधीतरी घेतली होती. ती विचारते, "मी काय बोलली व्हती? म्हन." रायटर उभे राहून खणखणीत आवाजात सांगतात, "मी वरील ठिकाणी राहण्यास असून मासेविक्रीचा व्यवसाय करून माझी व माझे कुटुंबाची उपजीविका करते." वर्गात सगळ्या बकऱ्या. त्या पोट धरून हसतात. शिक्षिका त्यांना बाकावर उभं करते आणि बकऱ्यांना पुढच्या वर्गात घालते.

मग खेकड्यांच्या भाषेची परीक्षा. तोंडीला रायटर आडवे चालत गेले, परीक्षक खेकडा खूश झाला. लेखीला मात्र पेन नांगीत धरता येईना म्हणून नापास. त्या दिवशी ते खरोखर उदास होते. "तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते, मॅडम," ते दोनदा म्हणाले.

एकदा मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटाऐवजी भाषा तपासत होते. कोणी गुजराती दाखवून बोटीत चढत होता, कोणी मुंबईची हिंदी. बंगलेवाल्यांच्या कुत्र्यांना इंग्रजीवर सोडत होते. रायटरांनी खिसे उलटे केले तर आत फक्त 'सदर', 'इसम' आणि 'वगैरे' निघाले. तपासनीस म्हणाला, यांच्यावर माणूस चढत नाही, फक्त मुद्देमाल चढतो. त्यांना गोणीत घालून बोटीच्या तळाशी टाकलं.

मला सर्वांत आवडलेलं स्वप्न पाव, बटाटा आणि चावी यांचं. हे तिघं पोर्तुगीजांच्या गलबतातून कागदपत्रांशिवाय उतरले असून रहिवासी दाखला मागत आहेत. सोबत पगारही यायचा होता, पण तो नेहमीप्रमाणे उशिरा येणार होता. समोर गर्दी जमली आहे, परके शब्द परत पाठवा म्हणून घोषणा चालल्या आहेत, आणि घोषणा देणारे सगळे वडापाव खात आहेत. या पंचनाम्यावर पाववाल्याने जरा अभिमानाने सही केली.

मी हे सगळं स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचे. लोक म्हणायचे, खोली बदल. मला बदलायची नव्हती. त्या माणसाची मला गंमत वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही एक आरसा मिळाला होता, फक्त मी त्यात बघत नव्हते. मीही दिवसभर पोरांच्या वह्यांतली 'न्हाय' आणि 'व्हता' लाल शाईने खोडत होते. एका मुलीने निबंधात 'आईचा हात खरबरीत हाय' असं लिहिलं होतं. मी 'हाय' खोडून 'आहे' केलं आणि आईच्या हाताकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

सहा-सात महिने सह्या केल्यावर एका सुट्टीत मी कुतूहलाने रजिस्टर पहिल्यापासून वाचलं. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. स्वप्न कसलंही असो, वर्गाचं, खेकड्याचं, जेट्टीचं, पंचनाम्यात शेवटाकडे एक ओळ होतीच : 'मागील बाकावर एक महिला हात वर करून बसलेली दिसून आली.' जेट्टीवर बाक नव्हता, तर तिथे 'बाकाशिवाय बसलेली' असं लिहिलं होतं. कोणत्याही स्वप्नात कोणी तिला बोलायला सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सही करण्याआधी मी विचारलं, "ही बाई कोण?"

रायटरांनी रजिस्टर मिटलं. "पंचाने प्रश्न विचारायचे नसतात," ते म्हणाले.

चार दिवस खालून हाक आली नाही. पाववाला दाराशी येऊन, घंटी वाजवून, सहीविना परत जात होता आणि माझ्याकडे असं बघत होता की जणू मी त्याचा धंदा बुडवला. पाचव्या दिवशी रायटर स्वतः जिना चढून वर आले. आत यायला तयार नव्हते. उंबऱ्याबाहेर उभं राहून, भिंतीकडे बघत त्यांनी सांगितलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. जवळच्याच वाडीतला एक मजूर एका बंगल्याच्या पोहायच्या टाकीचा खड्डा खणताना माती ढासळून मेला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. त्याच्या बायकोचा जबाब रायटरांनी दवाखान्याच्या आवारात घेतला. ती तासभर बोलत होती. जबाब दीड पानाचा झाला.

"अशा जबाबाची सुरुवात ठरलेली असते, मॅडम. शेवटही ठरलेला असतो. 'सदर मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही अगर कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' काम तुंबू नये म्हणून मी फावल्या वेळात असे कागद तयार करून ठेवत असे. वर सुरुवात, खाली शेवट, मधली जागा मोकळी. तिच्या वेळी तसलाच कागद काढला."

"म्हणजे तिची तक्रार होती?"

"होती. ती तेच सांगत होती. मी मधली जागा भरत होतो. खालची ओळ आधीच लिहिलेली होती. तिने अंगठा दिला."

"आणि वाचून दाखवलं नाही तुम्ही?"

"वाचून दाखविला, हेही आधीच लिहिलेलं होतं."

त्यांनीच पुढे म्हटलं, "लोकांना वाटेल पैसे खाल्ले. खाल्ले असते तर बरं झालं असतं. निदान कारण तरी असतं." आणि ते जिना उतरले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती, आणि दोन्हींत जास्त काय ते आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर घरात दोन दिवस धुसफूस चालली. रायटरांनी त्या बाईकडे जाऊन नव्याने जबाब घ्यायचा आणि तो ठाण्यात नेऊन द्यायचा ठरवलं होतं. काकू भांडी आपटत होत्या. "ठान्यात जाऊन सांगनार, माजी चूक हाय म्हनून? पेन्शन बंद करतील. ज्याच्या कागदात खाडाखोड न्हाय म्हनून गावभर सांगतली, त्याच कागदाला आता काळा फासनार?" रायटर 'सदर बाब विचाराधीन आहे' एवढंच म्हणाले. रविवारी सकाळी मात्र काकूंनीच सदऱ्याला इस्त्री करून दिली.

आम्ही तिघं निघालो. रायटर, मी आणि सायकल हातात धरून पाववाला. त्याला पहिल्यांदाच घटनास्थळी जावं लागत होतं आणि ते त्याला आवडलेलं नव्हतं.

बाई नारळी-पोफळीच्या एका वाडीत सुपाऱ्या सोलायला बसली होती. पन्नाशीची असेल. तिने रायटरांना लगेच ओळखलं. उठली नाही, बसाही म्हणाली नाही. रायटर तिच्यासमोर जमिनीवर बसले, मांडीवर रजिस्टर घेतलं आणि म्हणाले, "तुझा जबाब पुन्हा लिहून घेणे आहे. तू त्या दिवशी काय सांगितलं होतंस, ते सांग."

तिने हातातली सुपारी सोलत, मान वर न करता सुरुवात केली. "मी वरील ठिकाणी राहण्यास असून मोलमजुरी करून माझी व माझे कुटुंबाची उपजीविका करते. माझे पती हे दिनांक मजकुरी नेहमीप्रमाणे कामावर गेले असता..." एकही अक्षर इकडचं तिकडे न होता, शाळेतली कविता म्हणावी तसा सगळा जबाब तिने म्हटला. "सदर मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही अगर कोणाविरुद्ध तक्रार नाही," हेही म्हटलं. मग सुपारी टोपलीत टाकली.

रायटरांचा हात तसाच राहिला होता. "हे पाठ कशाला केलंस?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला करतेय पाठ? मदत मिलंल म्हनून ज्या हापिसात गेली तिथं ह्योच कागद काढला. बाई, तुजी तक्रारच न्हाय ना, बग काय लिवलंस. सगल्यांनी वाचून दाखवला. तुमी सोडून."

"ते सोड. तुझं सांग. तुझ्या तोंडून काय निघालं होतं?"

"आता काय ध्यानात असनार? इतकी वर्सं तुमचाच ऐकला. माजा कुटं गेला कुनाला ठावं."

मला वाटलं, आता उठावं. त्या बाईजवळ तिच्या नवऱ्याच्या मरणाचे स्वतःचे शब्दही उरले नव्हते, आणि ते नेणारा माणूस इस्त्रीचा सदरा घालून समोर बसला होता. पाववाला चपलेच्या अंगठ्याने माती उकरत होता. बाईने आणखी चार-पाच सुपाऱ्या सोलल्या. मग कोयता खाली ठेवला.

"घरातून निघताना भाकर घेतली न्हाय त्यानं," ती म्हणाली. "बोलला, लगेच परत येतो, मातीला पानी सुटलाय, मी आज उतरनार न्हाय. कंत्राटदाराला पन तसाच बोलला, मागल्या मानसांनी ऐकला. तो बोलला, उतरायचा नसंल तर उद्यापासून येऊ नको. मंग उतरला. ह्या मी तुमाला तीनदा सांगतला व्हता. तुमी मान हलवत व्हते."

रायटर लिहीत होते. जसंच्या तसं. 'न्हाय' लिहिताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मराठीच्या शिक्षिकेकडे परवानगी मागावी तसं. मला मान वर करवेना.

पान संपत आलं तशी त्यांची लेखणी सवयीने खालच्या ओळीकडे गेली आणि थांबली. "शेवटी काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिवा, तक्रार हाय. त्या कंत्राटदारावर हाय. तुमच्यावर पन हाय."

त्यांनी लिहिलं. मग वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं, त्यांनी पुन्हा वाचलं, आणि ती म्हणाली, "बरोबर हाय." पाववाल्याकडे कागद गेला तेव्हा त्याने खिशातून चश्मा काढला. त्याच्याकडे चश्मा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. तो पूर्ण कागद ओठ हलवत वाचून मगच त्याने सही केली. माझीही झाली. राहिली 'समक्ष' या शब्दाखालची जागा, जिथे उभी नोकरी रायटर सही करत आले होते. त्यांनी पेन माझ्यापुढे केलं.

"इथेही तुम्हीच करा, मॅडम. ज्याच्यावर तक्रार आहे त्याने समक्ष सही करायची नसते."

सोमवारी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले. नवा रायटर पोरगेलासा होता. समोर कॉम्प्युटर. रायटरांना बघून तो उठला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. बाईचा जबाब त्याने वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. पण रायटरांना त्यांचा स्वतःचाही जबाब द्यायचा होता, तेव्हा तो नाइलाजाने टाइप करायला बसला. रायटरांनी तोंड उघडण्याआधीच पडद्यावर पान भरलं : 'मी वरील ठिकाणी राहण्यास असून पोलीस खात्यातून सेवानिवृत्त आहे.' खाली शेवटच्या दोन ओळीही होत्या.

"मी असं काही बोललो नाही," रायटर म्हणाले.

"साहेब, हा तुमचाच नमुना आहे," पोरगा कौतुकाने म्हणाला. "तुमच्या जुन्या कागदांवरूनच कॉम्प्युटरला घातलाय. आम्ही फक्त नाव बदलतो."

"पुसा ते."

"साहेब, सगळे असंच बोलतात."

"मग मी इथे बसतो," रायटर म्हणाले, आणि भिंतीलगतच्या बाकावर, जिथे फिर्यादी बसतात तिथे, जाऊन बसले. चहा आला, गार झाला. दुपारी पोरगा जेवून आला. दोन माणसं मोटरसायकल हरवल्याची फिर्याद देऊन गेली आणि दोघंही वरील ठिकाणी राहण्यास होते. चारच्या पुढे त्या पोराने एकदा आमच्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं, बटण दाबलं आणि पडदा पांढरा केला.

"बरं, बोला साहेब."

रायटर उठून टेबलासमोर उभे राहिले. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी इतक्या महिन्यांत त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं, आणि पोराने ते अक्षर न अक्षर टाइप केलं.

"ती बाय बोलली व्हती. मी लिवला न्हाय."